बंधाऱ्याआधीचं वळण

“...मग सांगा बुवा, मठात मी राहायचं की यानं?”

त्र्यंबकनं हे नावेतच विचारलं. शेजारी दुसरं वल्हं धरून सदाशिव बसला होता, त्याच्या देखत.

समोर बसलेले निरंजनबुवा मठात येण्याआधी शाळेत विज्ञान शिकवायचे. हे दोघे तेव्हाचे विद्यार्थी, आता शिष्य.

“मठाच्या प्रत्येक कामात मी जेवढा जोर लावतो, तेवढाच हा उलट बाजूनं लावतो,” त्र्यंबक म्हणाला. “बेरीज शून्य. तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं खरं...”

सदाशिवाचा चेहरा उतरला.

या बोलण्यात नदीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. नाव धारेला लागली होती. पुढे बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं, त्याचा आवाज एकदम जवळ आला.

दोघे घाबरले. जीव खाऊन वल्ही मारू लागले. नावेचं तोंड बंधाऱ्याकडेच होतं. ती आणखी वेगानं तिकडेच निघाली.

“थांबा!” बुवा ओरडले. “त्र्यंबक, तू पुढे मार. सदाशिव, तू मागे. जोर सारखा!”

“उलटसुलट मारून काय होणार?”

“मार!”

दोघांनी मारलं. नाव थरथरली... आणि जात्यासारखी जागच्या जागी फिरू लागली. काठावरची चिंच डोळ्यांपुढून सरकली, मग घाट. बंधारा पाठीमागे गेला.

“आता दोघंही पुढे!”

खांदे भरून येईतो त्यांनी वल्ही मारली, तेव्हा कुठे नाव काठाला लागली.

वाळूत दोघे धापा टाकत पडले. त्र्यंबकचा तळहात सोलला होता. सदाशिवानं उपरण्याची पट्टी फाडली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बांधू लागला.

त्र्यंबकनं हात काढून घेतला नाही.

पट्टीची गाठ बसली तसा तो म्हणाला, “बुवा, जोर सारखा होता. उलटही होता. मग नाव वळली कशी?”

“तुम्ही दोघं एकाच जागी बसला होतात का?”

“नाही. मी या कडेला, हा त्या कडेला.”

“म्हणूनच वळली,” बुवा हसले.

त्र्यंबकनं सदाशिवाकडे पाहिलं.

“मग आम्ही आता जवळ यायचं, की लांबच राहायचं?”

बुवा धोतर पिळत उठले.

“लांब बसा. पण एकाच नावेत.”