तुपाच्या व्यापाऱ्याची गादी

ढोलगडच्या चक्रधर महाराजांना झोपायला जागा मिळत नव्हती! म्हणजे गडावर होती. पण महाराज राणीसाहेबांना घेऊन मोगरपूर शहराची हवा खायला निघाले होते, आणि शहरात उतरायचं कुठे, यावर घोडं अडलं होतं.

दिवाणजींनी एक झकास सराई शोधून काढली. "नदीकाठी आहे, महाराज. मऊ गादी, गार वारा, शेजारी हलवाई!"

"त्या गादीवर माझ्याआधी कोण झोपलं होतं?"

"एक तुपाचा व्यापारी."

"मग नको! माणूस उठून जातो, पण त्याची स्वप्नं गादीतच राहतात. मला रात्रभर तुपाची स्वप्नं पडतील. मी काय तुपात पोहायला चाललोय?"

दिवाणजींनी मग दुसरी सराई शोधली. कोरी करकरीत! अजून कुणाचं पाऊलही तिथे पडलेलं नव्हतं.

"मग ती चांगली कशावरून?" महाराजांनी विचारलं. "तिथे ढेकूण असले तर?"

"कुणी राहिलंच नाही, तर ढेकूण जगतील कशावर, महाराज?"

"म्हणजे उपाशी ढेकूण! त्याहून वाईट!"

महाराजांची अंथरुणं घालणारा भिकोबा कोपऱ्यात चादरीच्या घड्या करत होता. त्याला हसू आवरलं नाही. बिचाऱ्याने चादर तोंडात कोंबली, तरी फुस्स झालंच!

"हसतोस?" महाराज कडाडले. "मग आता तूच शोध! लोकांनी जिथे अख्ख्या रात्री काढल्या असतील आणि तोंडभरून कौतुक केलं असेल, पण जिथे आजवर एकही माणूस झोपलेला नसेल, अशी जागा हवी! नाही मिळाली, तर चाकरी गेली आणि गडावरचं घरही गेलं!"

भिकोबा घरी आला तो थेट भांडीच बांधायला लागला. आजोबांपासूनचं घर! उंबरठ्याकडे पाहून त्याला रडूच कोसळलं.

"आबा, तवा खाली ठेवा," त्याची मुलगी गोदा म्हणाली. "भाकऱ्या व्हायच्यात अजून. आणि महाराजांना सांगा, जागा मिळाली!"

"कुठे मिळाली?"

"मोगरपुरातच. मामाच्या लग्नानंतर आपण रात्रभर होतो की तिथे!"

भिकोबाचे डोळे हळूहळू मोठे झाले. तवा चुलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी महाराजांची स्वारी मोगरपुरात बहिर्जी गोंधळ्याच्या दारात उतरली. ऐसपैस सोपा, स्वच्छ सारवलेली जमीन, खांबांना झेंडूच्या माळा. महाराजांनी बहिर्जीला दरडावून विचारलं, "इथे लोक रात्री राहतात?"

"लग्नसराईत तर रोज, महाराज!"

"आणि झोपतं कोण?"

"अंबाबाईची शपथ, आजवर कुणी नाही!"

महाराजांनी गल्लीतल्या म्हातारीलाही विचारलं. "काय सांगू बाबा," ती म्हणाली, "रात्र कशी सरते, कळत नाही!"

महाराज खूश! भिकोबाने सोप्यात गादी घातली. महाराज आडवे झाले, डोळे मिटले, आणि त्यांच्या उशाशी संबळ कडाडला!

सकाळी महाराज बाहेर आले तेव्हा पागोटं एका कानावर होतं, डोळे लाल झाले होते आणि अंगभर भंडारा उडाला होता. मागून राणीसाहेब आल्या, त्या अजून ठेका धरूनच चालत होत्या.

"भिकोबा!" महाराज ओरडले. "रात्रभर गोंधळ! डोळ्याला डोळा नाही! तुझं घर गेलं!"

आबांबरोबर आलेली गोदा पुढे झाली. "महाराज, इथे लोकांनी रात्री काढल्या होत्या ना?"

"हो!"

"कौतुक केलं होतं?"

"हो!"

"कुणी झोपलं होतं?"

"त्या आवाजात कोण झोपणार, पोरी?"

"मग जागा हुकमाबरहुकूम झाली की! तुम्ही झोपायचं म्हणाला होतात कुठे?"

राणीसाहेब खुदकन हसल्या. महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यातून जांभईच आली. "बरं, घर राहिलं! पण मला आता झोपायचंय! कुठेही चालेल!"

"कुठेही?"

"कुठेही!"

गोदाने त्यांचा हात धरून त्यांना नेलं. पुढे आलेल्या पहिल्या गादीवर महाराज जे कोसळले, ते दिवेलागणीलाच उठले. मऊ गादी, गार वारा, शेजारून जिलेबीचा वास!

"वा! काय जागा आहे!" महाराजांनी आळस दिला. "इथे माझ्याआधी कोण झोपलं होतं?"

दिवाणजी खिडकीबाहेर बघायला लागले. गोदा शांतपणे म्हणाली, "तुपाचा व्यापारी."

"काय!" महाराज गादीवर उभे राहिले. "तरीच! तरीच मला खाण्याचं स्वप्न पडलं!"

"काय खात होतात, महाराज?"

"पुरणपोळी! ताटभर! पण कोरडी. मी तूप, तूप म्हणून ओरडतोय, आणि वाढायला कुणी येईना! घशाखाली घास उतरेना!"

"तूप थेंबभरही नव्हतं?"

"थेंबभरही नाही!"

"मग काळजीच मिटली, महाराज!" गोदा म्हणाली. "व्यापारी जाताना आपलं सगळं तूप घेऊन गेलाय!"

महाराज असे हसले, असे हसले, की गादीवर धपकन बसले आणि शेजारचा हलवाई झारा घेऊन धावत आला! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोदाला दिलं. गडावरचं घर भिकोबाला कायमचं लिहून दिलं. आणि डोळे पुसत हुकूम सोडला, "हलवाई, आलाच आहेस तर सगळ्यांना पुरणपोळ्या कर! आणि तूप मी बस म्हणेपर्यंत वाढ, फार वेळ वाट पाहिलीय त्याची!"