तळं टेकडीवर, विहीर पायथ्याशी

"बाबा, तळं मी दिलं, खर्च माझा... मग त्याचा तळ चुन्यानं बांधून काढायला तुमची परवानगी कशाला?"

कंबलशाह फकीर तकियातल्या, म्हणजे आपल्या मठातल्या, चिंचेखाली ओट्यावर बसून कांबळं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"देऊन टाकलंस ना? मग तुझं कसं?"

शम्सुद्दीन सौदागर चपापला. कापसाचा बडा व्यापारी तो, असं तोंडावर ऐकायची सवय नव्हती. पण बोलणं खरं होतं. टेकडीवरचं तळं त्यानं वक्फ केलं होतं, म्हणजे अल्लाच्या नावानं कायमचं सोडलं होतं. ते विकायचं नाही, मोडायचं नाही, लोकांनी फक्त त्याचा लाभ घ्यायचा. देखरेख कंबलशाहकडे, म्हणून तिथं फावडं मारायचं तरी त्याला विचारून.

"पण ते गळतं, बाबा! चैत्रात गुडघाभरही पाणी उरत नाही. आणि त्या लतीफची विहीर..."

इथं त्याचा आवाज चिरकला.

लतीफ मनियार बांगड्या विकायचा. टेकडीच्या पायथ्याशी त्यानंही एक विहीर खणून वक्फ केली होती, तिचीही देखरेख कंबलशाहकडेच. भर उन्हाळ्यात ती तुडुंब असायची. बायका पाणी शेंदता शेंदता त्याच्या लेकराबाळांना दुवा द्यायच्या. मशिदीत लोक सरकून त्याला जागा करून द्यायचे. ते पाहून सौदागराच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घशाला कोरड पडली तरी त्या विहिरीचं घोटभर पाणी त्यानं कधी घेतलं नाही. एका बांगडीवाल्याचा आपल्याला हेवा वाटतो, याची त्याला लाज वाटायची. पण लाज वाटून हेवा थोडाच कमी होतो!

"गळून पाणी जातं कुठं?" फकिरानं विचारलं.

"मातीत."

"आणि मातीतून?"

"मला काय ठाऊक!"

फकीर उठला. नमाजाआधी हातपाय धुवायचा, वजूचा लोटा शेजारी होता, तो उचलला आणि ओट्यावरच्या मुरमात उपडा केला. पाणी जिरून गेलं.

दोघं बघत राहिले...

जरा वेळानं ओट्याच्या खालच्या दगडांतून ओल पाझरली आणि सौदागराच्या जरीच्या जोड्यापर्यंत आली. त्यानं झटकन पाय मागे घेतला.

"तळं व्हायच्या आधी लतीफची विहीर कशी असायची?"

"कशी म्हणजे? होळीलाच कोरडी ठाक. तळाचे दगड दिसायचे..."

बोलता बोलता सौदागर थांबला. त्यानं आधी टेकडीकडे पाहिलं, मग पायथ्याकडे. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे पाणी माझं! माझं पाणी पितात आणि दुवा त्याला देतात!"

फकीर पुन्हा बसून कांबळं शिवू लागला.

सौदागराच्या मनात मात्र एक विचार चमकला, आणि त्याला गोड वाटला. तळ बांधला की ती विहीर आटणार. मग त्याच बाया घागरी घेऊन टेकडी चढतील, धापा टाकत त्याच्या तळ्यावर येतील. येईनात का धापा टाकत! लतीफच्या विहिरीवर चिटपाखरू फिरकणार नाही.

"तळं दिलंस तेव्हा काय मागितलं होतंस?" फकिरानं हळूच विचारलं.

"...कसब्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं."

"मिळतं?"

"मिळतं."

"मग?"

सौदागराची मान खाली गेली.

"मग... नाव त्याचं होतं, बाबा. सहन होत नाही मला."

फकीर पहिल्यांदाच त्याच्याकडे मायेनं पाहत होता.

"तळ नाही बांधत," सौदागर म्हणाला. "पण एवढं तरी करू द्या. त्या विहिरीवर माझ्या नावाचा एक दगड बसवू द्या. लोकांना कळू तरी दे..."

"बसव की."

"खरंच?"

"खरंच. पण काठावर नको, मियाँ. आत उतर, तळाशी, झऱ्याच्या तोंडाजवळ बसव. आणि रोजच्या नमाजात एवढंच माग, की तुझं नाव कुणाला कधी वाचता येऊ नये."