साहेबाच्या बंगल्याचे दार

“मग चूक कुणाची, बुवा? माझी की ओळंब्याची?”

हैबती सुताराचा आवाज चढला होता. गुणाजीबुवा उत्तर न देता पुन्हा दार ढकलत होते. सागवानी दार चौकटीपर्यंत जाई आणि वरच्या कोपऱ्यात अडे. बोटभर फट राही.

बंगला इंग्रजी अमदानीतला. जंगलखात्याच्या कुणा साहेबाने खाली नदीकाठी बांधलेला. विलायतेला परत जाताना तो आपल्या चौकीदाराला देऊन गेला. आता तिथे धरणाचे पाणी येणार होते. म्हणून हैबतीने सगळा बंगला उतरवला. लाकडालाकडावर खुणा घातल्या, गाड्यांतून वर माळावर आणला आणि जसाच्या तसा उभा केला. एक खुंटीही हरवली नाही. कौले तेवढी चढायची होती.

बुवा त्याचे गुरू. हत्यारे खाली ठेवून ते मठात राहायला गेले, त्याला बरीच वर्षे झाली होती. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत एक रीत होती. शिष्याने उभारलेल्या पहिल्या घराचे दार गुरूने आपल्या हाताने लावायचे. दार लागले की शिष्य मिस्त्री झाला. त्याने आपल्या नावावर काम घ्यावे. आणि दार लागेपर्यंत घरच्या माणसाने आत संसार न्यायचा नाही.

दार लागत नव्हते.

“हा खांब बघा,” हैबती म्हणाला. त्याने ओळंबा सोडला. दोरी खांबाशी सरळ उभी राहिली. “केसभर फरक नाही. तो बघा. तो पलीकडचा बघा.”

“बघितलं.”

“मग?”

“ओळंबा खरा आहे.”

“म्हणजे दार खोटं.”

“दारही खरं आहे.”

हैबतीने ओळंबा तसाच खांबाशी लटकत ठेवला.

ओट्याखाली सगुणाबाई बोचकी घेऊन उभी होती. चौकीदाराची सून. लग्न होऊन आली ती याच बंगल्यात, म्हातारी झाली तीही याच बंगल्यात.

“आमचं घर एवढं ताठ कधीच नव्हतं,” ती म्हणाली. “तुझ्यावर गेलंय रे, हैबती.”

“काकी, गप बसा जरा.”

“बसते की. बसायला आत तर घे.”

हैबतीने तिच्याकडे पाठ केली.

“उद्या नवी दारं करायला घेतो, बुवा. ही जुनी वाकडी आहेत. कुणी वरून तासलीत, कुणी खालून. चुलीत घालायच्या लायकीची.”

“का तासली असतील?”

“नदीकडचा कोपरा खचला होता ना. घर तिकडं कलायचं आणि दार अडायचं. मग यायचा कुणीतरी रंधा घेऊन.” हैबतीने कोपऱ्यातल्या खांबाकडे बोट केले. “मी इथं जोतं जुन्या उतारानंच रचलं, पण त्या खांबाखाली दगडाची एक फाडी जास्त घातली. खोट काढूनच टाकली.”

बुवांनी मान हलवली. मग अंगातली पैरण काढून त्याच्यापुढे धरली.

“घाल.”

“बुवा...?”

“घाल म्हणतो ना.”

बुवांची पाठ वयाने पार वाकली होती. त्यांच्या अंगावर ती पैरण चारी बाजूंनी सारखी दिसे. हैबतीने ती घातली. मागून ती गुडघ्यापर्यंत लोंबली आणि पुढून बेंबीवर आली.

सगुणाबाईने तोंडाला पदर लावला. पण हसू ऐकू आलेच.

“शिंप्याचं चुकलं?” बुवांनी विचारले.

“...नाही.”

“तुझं अंग वाकडं?”

“नाही.”

बुवा उघड्या अंगाने ओट्यावर बसले.

हैबती तसाच उभा राहिला. कोपऱ्यातल्या खांबाकडे बघत राहिला.

“बुवा, ती फाडी काढली तर घर कलेल.”

“कलेल.”

“लोक रस्त्यावरून बघतील. म्हणतील, हैबतीचं पहिलंच घर आणि तेही कललेलं. कोण काम देईल मला?”

“कदाचित कुणी देणार नाही.”

“तुम्ही सांगाल त्यांना? असं का केलं ते?”

“नाही.”

...

हैबती दाराजवळ गेला. त्याने दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. एके ठिकाणी थांबला. पुन्हा फिरवला.

“हा हात चांगला होता,” तो हळूच म्हणाला. “हा कुणी शिकाऊ असावा. घाबरत घाबरत तासलंय. आणि हा... याने पुरतं बघून मगच रंधा धरला.”

बुवांनी डोळे मिटले होते.

हैबतीने पैरण काढली, घडी करून बुवांशेजारी ठेवली आणि माणसांना हाक मारली. पहारी आल्या. टेकू लागले. कोपऱ्यातला खांब जरा उचलला, फाडी ओढून काढली आणि खांब हळूहळू खाली सोडला. सगळा बंगला करकरला. पूर्वी जिकडे नदी असे, पण इथे नव्हती, तिकडे तो जरासा कलला आणि थांबला.

ओळंबा तिथेच लटकत होता. दोरी आणि खांब यांच्यात आता चांगले अंतर पडले होते. हैबतीने ते पाहिले. त्याचा चेहरा उतरला. पण टेकू पुन्हा लावायला त्याने सांगितले नाही.

त्याने दाराला नुसते बोट लावले. दार फिरत गेले आणि चौकटीत जाऊन बसले. कडी आपली आपण पडली.



“बुवा, लागतंय,” हैबती म्हणाला. “आता तुम्ही लावा. रीत आहे.”

बुवा उठले. पैरण घातली. दाराला हात लावला नाही.

“तुझ्या हातानं लागलं ना?”

“लागलं.”

“मग उघड. बाई कधीची उन्हात उभी आहे.”