पाहुण्याच्या खुर्चीत मंदाकिनीबाई

एका गावातल्या वाचनालयात मंदाकिनीबाई नावाच्या ग्रंथपाल होत्या. कामाला वाघ, पण भारी हेकट. गावच्या जुन्या साप्ताहिकाचे जीर्ण अंक त्यांनी तीन वर्षं खपून कॉम्प्युटरवर चढवले. ते एका फोल्डरमध्ये ठेवले आणि पाहुण्यांनी ‘गेस्ट’ म्हणून वाचावेत यासाठी पलीकडच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर जोडला.

पण पाहुण्यांना फोल्डर उघडेचना. कुणी तक्रार केली की बाई आपल्या टेबलावर तो उघडून बघत. तिथे तो झटकन उघडे. मग “चालतंय की,” असं सांगून त्या मोकळ्या होत. त्या टेबलावरून अंक पुसताही येत, म्हणून तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियमच होता. पाहुणा बिचारा स्वतःलाच अडाणी समजून निघून जाई.

एकदा गुणवंतराव नावाचे म्हातारे गृहस्थ लांबून एसटीने आले. त्यांची आई गावची सुईण होती. तिचा एकुलता एक फोटो त्या साप्ताहिकात छापला होता आणि घरात तर एकही नव्हता. ही त्यांची दुसरी खेप. तिसरी झेपणार नव्हती.

बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. म्हातारबुवा हलले नाहीत. “बाई, तुमच्या खुर्चीत चालतंय. आता माझ्या खुर्चीत बसून दाखवा.”

बाई बसल्या. पडद्यावर आलं, ‘परवानगी नाही’. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाका, कटकट मिटेल. बाईंनी साफ नकार दिला. मागे तसं केलं तेव्हा कुणीतरी एका अख्ख्या वर्षाचे अंक पुसून टाकले होते. त्यांनी पदर खोचला. एकेक गोष्ट तपासायची आणि दर वेळी पाहुण्याच्या खुर्चीत येऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं. वायर ठीक होती. गेस्टचं खातं चालू होतं. फोल्डर सर्वांसाठी शेअरही केलेला होता. पण फोल्डरची स्वतःची परवानग्यांची यादी वेगळी असते, आणि तिच्यात गेस्टचं नावच नव्हतं. अंगणाचं फाटक उघडं आणि घराला कडी, असा सगळा प्रकार. बाईंनी नाव घातलं, फक्त वाचण्याची मुभा दिली आणि पुन्हा पलीकडे जाऊन बसल्या.

फोल्डर उघडला. गुणवंतरावांनी आईला पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. बाईंना फार बरं वाटलं आणि तितकंच वाईटही.

त्याच दिवशी त्यांनी नोंदवहीतून आधी परत गेलेल्या नऊ जणांचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला पत्र लिहिलं, “चूक तुमची नव्हती, माझी होती. पुन्हा या.”

तात्पर्य: आपलं दार पाहुण्याला उघडतं की नाही, हे घरात बसून कळत नाही, त्यासाठी पाहुणा होऊन बाहेर उभं राहावं लागतं.