निळ्या जगाचं दान

भांडी बोलायची आणि माणसं निदान थोडंफार ऐकायची, त्या काळातली गोष्ट. यमुनाक्का भट्टीवर फुंकणीनं फुंकून काचेची भांडी घडवायची. ती विकून येईल त्यातून अनाथाश्रमातल्या मुलांना दूध मिळायचं.

त्यांतला आश्रमासाठी ठेवलेला पाण्याचा निळा जग तर स्वतःला गायच समजायचा. "माझ्या जिवावर वीस लेकरं दूध पितात हो," असं उठता-बसता सांगायचा.

एकदा आश्रमात समारंभ झाला. सावलीत प्रमुख पाहुण्यांपुढे पाण्यानं भरलेला निळा जग आणि भरलेले पेले मांडले. मुलं समोर उन्हात बसली. भाषण काही संपेना. पुढच्या रांगेतली शेवंती कोरड्या ओठांवरून सारखी जीभ फिरवू लागली. ते बघून छोट्या पेल्याचा जीव कासावीस झाला.

"जगदादा, तिला पाणी देऊ या ना!"

"वेडा की खुळा? पोरांच्या हाती काच? फुटशील!"

"पण आपण त्यांच्यासाठीच आहोत ना?"

"म्हणूनच त्यांच्यापासून जपून राहायचं. आपण फुटलो तर दान कोण करणार?"

"फुटलो तर अक्का वितळवून पुन्हा फुंकेल," म्हणत पेला सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. शेवंतीनं त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि घटाघटा पाणी पिऊन अलगद जागेवर ठेवलं.

तेवढ्यात, "ही कोवळी फुलं आपणच जपायची!" म्हणत पाहुण्यांनी जोरात हात फिरवला. जग खाली पडला आणि त्याचा चक्काचूर झाला.

मग सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं.

"तरी मी सांगत होतो," पाहुणे हात झटकत म्हणाले, "पोरांजवळ काच ठेवू नका म्हणून!"