सशाने उपसलेली धाटं

मुलांनो, जंगल संपून शेतं सुरू होतात, तिथल्या बांधावर एक ससा राहत असे. कामाला वाघ, पण धीर मात्र औषधालाही नाही. त्या वर्षी त्याच्या घरी चार पिल्लं होती. थंडीत बांधावरचं गवत वाळतं, तेव्हा पिल्लांच्या तोंडी काही हिरवं पडावं म्हणून त्याने शेजारच्या पडीक तुकड्यात राजगिऱ्याच्या सहा ओळी पेरायचं ठरवलं. काडीकचरा मातीत कुजला की खत होतं, एवढं त्याने ऐकलं होतं. झालं! ससोबांनी बाजरीची वाळलेली धाटं ओढून आणली, मातीत गाडली आणि त्याच दिवशी वर बी टाकून मोकळे झाले. मातीतल्या गांडुळाने सुचवून पाहिलं, की धाटं फार कोरडी आहेत, सोबत हिरवा पाला घाला, नाहीतर पेरणी महिना-दीड महिना पुढे ढकला. पण थांबायचं म्हटलं की सशाच्या अंगावर काटा येई.

रोपं चार बोटं वाढली आणि पिवळी पडू लागली. रोज सकाळी ससा पिवळी पानं मोजत ओळींमधून येरझारा घाली. बाभळीवरच्या कावळ्याने जन्मात एक दाणा पेरला नव्हता, पण सल्ला त्याच्याकडे तयार होता. धाटंच मातीचा कस खातात, उपसून टाक, असं तो म्हणाला. सशाला ते लगेच पटलं. तो उकरू लागला, तसं गांडूळ वर आलं.

"ससोबा, कस धाटं खात नाहीत," ते म्हणालं. "धाटं कुजवणारे बारीक जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. पानं हिरवी ठेवणारा नत्र त्यांनाही लागतो. कोरड्या धाटांत तो फार थोडा, म्हणून ते मातीतला घेतात. धाटं संपली की ते जीव मरतील आणि सगळा नत्र मातीत परत येईल. आता उपसलीत, तर घेतलेला नत्रही धाटांबरोबरच जाईल. दीड महिना कळ काढा."

"आणि तोवर रोपं मेली, तर माझ्या पिल्लांनी काय खायचं?" ससा म्हणाला आणि उकरतच राहिला.

दुपारपर्यंत त्याने तीन ओळींतली धाटं उपसून ओढ्यात फेकली. मग पंजे सोलवटले, म्हणून उरलेल्या तीन ओळी तशाच राहिल्या. त्यात शहाणपण काही नव्हतं.

दीड महिन्यात त्या राहिलेल्या तीन ओळी गर्द हिरव्या झाल्या. उपसलेल्या ओळींतली रोपं वीतभर वाढली आणि पिवळीच वाळली. अर्धी थंडी सरेतो पिल्लांनी हिरवा पाला संपवला. मग ती वाळकं गवत चघळू लागली. धाकट्याला ते गिळवेना. सशाला फार वाईट वाटलं. तो ओढ्यावर धाटं शोधायला गेला, पण पाण्याने ती केव्हाच वाहून नेली होती.

परत येऊन त्याने गांडुळाला विचारलं, "हात लावला नसता, तर सहाही ओळी आल्या असत्या?"

"आल्या असत्या," गांडूळ म्हणालं आणि मातीत शिरलं.

तात्पर्य : पेरणं जसं काम आहे, तसं थांबणंही कामच आहे, माती जे घेते ते परत देते, पण तिच्या वेळेने.