हत्तीच्या मोलाचा फोन

करंजखोऱ्याच्या उदाजीराजांनी एका फोनच्या बदल्यात आपला एकुलता एक हत्ती देऊन टाकला, आणि हत्तीखान्यात रडारड सुरू झाली. राजाच्या राज्यात फोन कुठून आला, असं आता विचारू नका. हत्ती कुठून आला ते विचारलंत का? मग फोननेच तुमचं काय घोडं मारलंय?

तर हत्ती म्हणजे हत्तीण होती, नाव जास्वंदी. माहूत बाळोजी आणि त्याची मुलगी येसू, दोघंच तिचं सगळं करायची. येसूची आई गेली तेव्हापासून ही पोर जास्वंदीच्या पायाशीच लहानाची मोठी झाली. आणि फोनवाले गुलाबशेठ जास्वंदीला नेणार होते लाकडाच्या वखारीत, ओंडके ओढायला. तेही म्हातारपणी. येसूने हे ऐकलं, पोटभर रडून घेतलं, डोळे पुसले आणि बापाला घेऊन थेट दरबार गाठला.

दरबारात फोनचं कौतुक चाललं होतं. मखमली उशीवर फोन, फोनवर काच, काचेवर आणखी एक काच, आणि सगळ्याला मिळून एक जाड रबरी कव्हर. फोनचा रंग म्हणे खास सोनेरी होता. कव्हरमुळे तो कुणालाच दिसत नव्हता, तरी सगळे वाहवा करत होते.

"याच्यात चंद्राचा फोटो निघतो," राजे सांगत होते. "काल गच्चीवर जाऊन ढिगाने काढले."

"कसा दिसत होता चंद्र, महाराज?" येसूने दारातूनच विचारलं.

"थांब, फोटोत बघून सांगतो," राजे म्हणाले आणि मग त्यांनी दचकून वर बघितलं. "तू कोण गं?"

"माहुताची येसू. जास्वंदीला नेऊ नका, एवढं सांगायला आले. फोनसाठी का कुणी हत्ती देतं?"

राजांना राग लवकर यायचा, आणि राग आला की त्यांना कोडी सुचायची.

"असं? मग उत्तर दे. या फोनचं मोल हत्तीएवढं आहे की नाही? हो म्हणालीस तर सौदा पक्का, हत्तीण गेली. नाही म्हणालीस तर आम्ही मूर्ख ठरलो, आणि आम्हाला मूर्ख ठरवणाऱ्याला या राज्यात जागा नाही. बापाला घे आणि चालती हो. गप्प बसलीस तर ते आम्ही हो समजू."

बाळोजी येसूला हाताला धरून मागे ओढायला लागला. राजांच्या शेजारी उभे असलेले गुलाबशेठ मात्र गालातल्या गालात हसले. हत्तिणीला न्यायला त्यांनी दोरखंडसुद्धा आणून ठेवला होता.

"उत्तर देते, महाराज," येसू म्हणाली. "पण फोनमधलं मला काय कळतंय? आधी शेठजींना चार गोष्टी विचारते. शेठजी, फोन हत्तीच्या मोलाचा आहे ना?"

"तसूभरही कमी नाही. उलट महाराजांना म्हणून स्वस्तात दिला."

"मग काळजीच मिटली. समजा, महाराजांचं मन फिरलं. फोन तुम्ही परत घ्या, हत्तीण इथेच राहू दे. मोल सारखंच आहे, तुमचं काही जात नाही."

"वा गं वा! सील फोडलंय. फोन वापरलेला झाला."

"कालच तर दिलात. एका दिवसात असा किती झिजला?"

"झिजला नाही गं, फोन तोच आहे. पण बाजाराची काही रीत असते की नाही?"

"मग रीतीप्रमाणे आज काय द्याल?"

धंद्याची गोष्ट निघाल्यावर गुलाबशेठना कुठलं राहवतंय! जुना फोन घेताना ते रोज जे करायचे तेच त्यांनी केलं. फोन उशीवरून उचलला, कव्हर काढलं, उजेडात तिरका धरला, कडेवरून नख फिरवलं आणि तोंडाने चुकचुकले.

"खोकं आहे?"

"आहे," राजे म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आता कौतुक होणार.

"बिल?"

"बिल तुम्ही दिलंच नाहीत."

"मग अर्धा हत्ती."

राजे ताडकन उठून बसले. "अर्धा?"

"आणि इथे डाग दिसतोय, महाराज. पाव धरा."

"अहो, ते तूप आहे. जेवताना ताटाचा फोटो काढला होता आम्ही."

"तूप आत गेलं असेल तर त्याहून कमी."

"आणि दिवाळीला नवा फोन आला की?" येसूने हळूच विचारलं.

"मग याला कोण विचारतंय? हत्तीच्या शेपटीएवढे मिळाले तरी नशीब." शेठ बोलून गेले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की अख्खा दरबार त्यांच्याकडेच बघतोय. त्यांनी फोन घट्ट छातीशी धरला.

"महाराज, आता माझं उत्तर," येसू म्हणाली. "फोनचं मोल हत्तीएवढं आहे. पण कुठवर? शेठजींच्या हातात आहे तोवर. तुमच्या हातात आला की अर्धा होतो, तुम्ही जेवायला बसलात की पाव होतो, आणि दिवाळीपर्यंत नुसती शेपूट उरते. एवढ्या मोलाच्या वस्तूचे असे हाल आपण कशाला करायचे? आत्ता तो शेठजींच्या हातात आहे, म्हणजे पुन्हा हत्तीएवढा झालाय. तो तिथेच राहू द्या."

राजांच्या मिशा हलल्या, पोट हलायला लागलं, आणि ते इतके हसले की दिवाणजींना पाणी आणावं लागलं.

"पण महाराज, सील फोडलेलं..." गुलाबशेठ कळवळले.

"शेठ, हत्तीच्या मोलाचा फोन आम्ही परत करतोय आणि तुम्ही कुरकुरताय? तुमच्याच तोंडची किंमत आहे. निघा आता, आणि तो दोरखंड इथे विसरू नका."

शेठ गेले. बाळोजी लहान मुलासारखा रडायला लागला.

"माग पोरी," राजे डोळे पुसत म्हणाले. "काय देऊ?"

"जास्वंदीला नदीकाठचा उसाचा फड द्या, महाराज."

"दिला. आणि तुला?"

"मला सोन्याचं कडं चालेल," येसू म्हणाली. "एका दिवसात अर्धं तरी होत नाही ते."

राजे पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी हातातलं कडं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.